टांगलेला माणूस: आधी गद्दार, मग त्यागी

काही जण म्हणतात की टॅरो या भविष्य सांगायलाही वापरल्या जाणाऱ्या पत्त्यांमधलं १२ वं पान, 'हँग्ड मॅन' (उलटा टांगलेला माणूस), पहिल्यापासून त्यागाचंच प्रतीक आहे. तसं नाही हो. १५ व्या शतकातल्या इटलीत गद्दारांची बदनामी करायला त्यांना उलटं टांगलेलं दाखवणारी चित्रं भिंतींवर रंगवत, आणि या पानालाही तिथे 'गद्दार'च म्हणत. या माणसाच्या डोक्याभोवतीचं तेजोवलय, पालवी फुटलेलं लाकूड, हे १९०९ च्या वेट-स्मिथ या टॅरो संचात चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी रंगवलं. (चेहरा नीट बघा, वेदनेची एक रेघ नाही!) त्यागाचा अर्थ माझ्या मते तिथेच ठळक झाला. ओडिन हा देव नऊ रात्री झाडाला लटकला आणि त्याला रून ही प्राचीन अक्षरं मिळाली, ही नॉर्स (उत्तर युरोपातली जुनी) कथा लोक या पानाशी हमखास जोडतात. साम्य आहे, पण पत्ते आले इटलीतून.