दुसऱ्याच्या फोटोंवर 'सातारा दर्शन': माझा विरोध

लिंबखिंड
काल 'शाहूनगरी' यांनी लिहिलं, "साताऱ्याची पर्यटन साइट करायला स्वतःचे फोटो कशाला हवेत? फ्लिकरची एपीआय की घ्या, 'कास' शोधा, 'ठोसेघर' शोधा, फोटो आपोआप येतात. जेवायच्या आत साइट तयार, सर्व्हरचा खर्च शून्य." फ्लिकर म्हणजे लोकांनी फोटो ठेवायची साइट, एपीआय म्हणजे तिथले फोटो आपल्या प्रोग्रॅमला मागवू देणारी सोय, आणि की म्हणजे त्या सोयीची किल्ली. कॉलेजची पोरं खाली वाहवा करतायत, म्हणून सविस्तर लिहितो.

जेवायच्या आत साइट उभी राहते, हे खरंच आहे. प्रश्न ती पुढच्या हंगामात उभी असेल का, हा आहे. पॅनोरामिओ आठवतंय? गावोगावचे फोटो नकाशावर टाचलेले असायचे. गूगलने 2007 मध्ये घेतलं आणि 2016 मध्ये बंद केलं. इन्स्टाग्रामचा बेसिक डिस्प्ले एपीआय डिसेंबर 2024 मध्ये गेला, साध्या वैयक्तिक खात्यांचा दरवाजा बंद. गूगल फोटोजने मार्च 2025 अखेर अॅपला माणसाची अख्खी लायब्ररी वाचू देणं थांबवलं. फ्लिकर स्वतः 2005 मध्ये याहूकडे गेलं, 2018 मध्ये स्मगमग कंपनीकडे, आणि पाठोपाठ फुकट खात्यांना 1000 फोटोंची मर्यादा आली.

मेढ्याकडच्या एका कृषी पर्यटन केंद्राची साइट मी सांभाळतो. आधीच्या माणसाने पहिल्या पानाची गॅलरी अशाच एका सेवेवरून ओढली होती. सप्टेंबरातला शनिवार, फुलं ऐन भरात, आणि सकाळी पानावर नुसत्या करड्या चौकटी. मालकांचा फोन आला, "पाहुणे विचारतायत, बंद पडलं का तुमचं? काय सांगू त्यांना?" धंद्याचे जेमतेम सहा-सात आठवडे असतात त्या माणसाचे.

माझं म्हणणं एवढंच. फोटो शोधायला एपीआय खुशाल वापरा. पण मुक्त परवान्याचे, म्हणजे मालकाने वापरायची मुभा आधीच दिलेले फोटो निवडा, फोटोग्राफरचं नाव आणि परवाना लिहा, आणि प्रत आपल्याकडे ठेवा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोसंग्रहावर, तर व्यावसायिक वापरालाही परवानगी असलेलेच फोटो ठेवतात.

शाहूनगरी
अर्धंच सांगितलंत, साहेब. त्या 1000 च्या मर्यादेतून क्रिएटिव्ह कॉमन्सचे, म्हणजे तुमच्या त्या मुक्त परवान्याचे फोटो फ्लिकरने वगळले होते. ते का नाही लिहिलं? आणि प्रत ठेवा म्हणता, तर एपीआयचे नियम वाचा की. वाजवी काळापुरतीच साठवण चालते, आणि मालकाने सांगितलं की चोवीस तासांत फोटो काढावा लागतो. तुमच्या सर्व्हरवर पडलेली प्रत कोण काढत बसणार?

सर्व्हर म्हणजे अमरपट्टा नव्हे. माझ्या चुलतभावाने गडकोटांची साइट स्वतःच्या फोटोंवर, स्वतःच्या होस्टिंगवर केली होती. अजिंक्यताऱ्यापासून वासोट्यापर्यंत सगळं पायी फिरून. नोकरीसाठी बाहेर गेला, एक वर्ष पैसे भरायचे राहिले, सगळं गेलं. तेच फ्लिकरवर टाकले असते तर आज दिसले असते.

लिंबखिंड
वगळले होते, बरोबर आहे. पण नियम बदलणारे ते आणि वगळणारेही तेच. उद्या काय करतील ते तुमच्या हातात नाही. साठवणुकीचा नियम एपीआयने ओढलेल्या फोटोंना आहे. प्रत ठेवायचा हक्क परवान्यातून, म्हणजे फोटोग्राफरकडून येतो. आणि एकदा दिलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना त्या प्रतीपुरता मागे घेता येत नाही.

वाईचा फोटोवाला
दोघंही सर्व्हरवर भांडताय, फोटो काढणाऱ्याचं कोण बोलणार? मेणवलीच्या घाटाचा माझा एक फोटो आहे. पहाटे, पाणी उतरलेलं, पायऱ्यांची चंद्रकोर पूर्ण दिसतेय. तो एका लॉजच्या साइटवर सापडला, खालचं नाव कापून. विचारलं तर म्हणे, "नेटवर मिळाला." नेटवर दिसतो म्हणजे बेवारस आहे का? 1957 च्या कायद्यात, 2012 च्या दुरुस्तीनंतर, फोटोचा हक्क फोटोग्राफरच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. शाहूनगरी, तुमच्या त्या 'आपोआप'मध्ये परवान्याची चाळणी लावली होती का, सांगा.

शाहूनगरी
नमुना होता तो. लावता येते.

वाईचा फोटोवाला
लावता येते म्हणजे लावली नव्हती. पोरं तोच नमुना उचलून कामं घेतात, दादा.

वायतुरा
माझी तक्रार वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त गंभीर. फ्लिकरकडून फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही मागवता येतात. शाहूनगरींच्या नमुना साइटच्या नकाशावर कासची फुलं टाचणीसकट दिसत होती. गेंद, तेरडा ठीक आहे, ते हेक्टरभर पसरलेलं असतं. पण खरपुडीचा दुर्मिळ वेल? एका कड्यापाशी मी तो दरवर्षी बघायला जायचे. कुणीतरी लोकेशनसह फोटो टाकला. पुढच्या पावसात गेले तर वेलाच्या जागी काठीने उकरलेला खड्डा, कडेला ओली माती, कंद गायब. खाणारे नेतात, बागवालेही नेतात.

शाहूनगरी
ताई, कास काय लपलेलं आहे? 2012 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, ऑनलाइन बुकिंग करून लोक येतात. लोकेशन काढलं तर नकाशाला अर्थ काय उरला?

वायतुरा
पठार दाखवा, झाड दाखवू नका! आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची साइट धोक्यातल्या प्रजातींचं ठिकाण आपणहून वीसेक किलोमीटरच्या चौकोनात धूसर करतं. त्यांचं काम अडलं का त्यामुळे?

कृष्णाकाठ सांगली
सरसकट लोकेशन पुसा म्हणू नका. 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाच्या फोटोंचा ढीग व्हॉट्सॅपवर पडला. व्हॉट्सॅप फोटोतली वेळ आणि ठिकाण काढून टाकतं. 2021 च्या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा तेच जुने फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरले. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीला रात्री दीड वाजता खाटेसकट उचलून नेलं. पाणी अजून दोन गल्ल्या लांब होतं. मूळ फोटो वेळ-ठिकाणासह कुठेतरी चढवलेले असते, तर दहा ओळींच्या प्रोग्रॅमने नकाशा झाला असता. तुम्हाला वेलींची पडलीय.

वायतुरा
"वेलींची पडलीय"? ज्या वनस्पतीचं नाव मी घेतलंय तो वायतुरा सह्याद्रीच्या मोजक्या पठारांवर उगवतो, जगात बाकी कुठे शोधणार? हे बोलायची पद्धत नाही.

कृष्णाकाठ सांगली
घरात कमरेएवढं पाणी बघितलेला माणूस असाच बोलतो.

लिंबखिंड
दोघंही जरा थांबा. पुराच्या फोटोला ठिकाण हवं, दुर्मिळ झाडाच्या फोटोला नको. साइट करणाऱ्याने विषय बघून ठरवायचं असतं. 'आपोआप'मध्ये नेमकं तेच होत नाही.

वायतुरा
पुरापुरतं मान्य. फक्त पुरापुरतं.

शाहूनगरी
बरं. परवान्याची चाळणी लावतो, प्रत्येक फोटोखाली नाव देतो. फ्लिकरमध्ये लोकेशनच्या अचूकतेचे टप्पे असतात, 16 म्हणजे रस्ता, 11 म्हणजे शहर. फुलांच्या फोटोंना नकाशावर शहराच्या टप्प्यावरच दाखवेन. झालं समाधान?

वायतुरा
नाही झालं. ब्राउझरमध्ये टाचणी हलवलीत तरी मूळ आकडे ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये, म्हणजे साइटने मागवलेली माहिती जिथे कुणालाही बघता येते तिथे, जसेच्या तसे दिसतात. कापायचे तर सर्व्हरवर कापा. शिवाय फोटोखाली मूळ पानाचा दुवा द्यावा लागतो आणि त्या पानावर नकाशा असतो. म्हणून खरपुडी, वायतुरा यांचे फोटो घेऊच नका.

लिंबखिंड
आणि शाहूनगरी, सर्व्हरशिवाय चालवलीत तर तुमची एपीआय कीसुद्धा त्याच टॅबमध्ये उघडी पडलेली असते. कुणीही उचलेल, ताशी 3600 कॉलची मर्यादा संपवेल, आणि रविवारी तुमच्याही करड्या चौकटी.

शाहूनगरी
की आणि लोकेशनसाठी छोटा सर्व्हर घेतो. खर्च शून्य हे वाक्य पोस्टमधून काढलंय. प्रतीचं मात्र मला अजून पटलेलं नाही.

वाईचा फोटोवाला
मेणवलीचा घाट लागला तर विचारा. नाव ठेवणार असाल तर देईन.