कोचिंग सेशनमध्ये गप्प कधी बसायचं आणि किती वेळ? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इथे कोणी कोचिंग, मेंटॉरिंग किंवा समुपदेशन करणारं असेल तर जरा मार्गदर्शन करा. मी सध्या कोचिंगचं (म्हणजे शिकवणीचे क्लास नव्हे, प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचं उत्तर शोधायला मदत करणं) ट्रेनिंग घेतेय आणि प्रॅक्टिस सेशन्स चालू आहेत, काही जण ऑफिसमधलेच ज्युनियर, काही बाहेरचे. ट्रेनिंगमध्ये सारखं कानीकपाळी ओरडतात की प्रश्न विचारा आणि गप्प बसा. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचेसच्या संघटनेच्या २०१९ च्या आठ कोअर कॉम्पिटन्सीजमध्येही (कोचला यायलाच हव्यात अशा मूलभूत गोष्टी) शांततेला, थांबायला जागा द्या असं आहेच. ते सगळं पटतं हो, पण किती वेळ आणि कोणासमोर, हे कोणी धड सांगत नाही.

म्हणजे बघा, एकाला विचारलं की "या सगळ्यात तुम्ही नेमकं काय टाळताय?", तर तो खिडकीकडे बघत पेनाचं टोपण काढत-घालत बसला, बराच वेळ, आणि मग जे बोलला ते आधीच्या अर्ध्या तासात आलं नव्हतं. छान. पण तोच प्रश्न एका ज्युनियर मुलीला विचारला तर ती माझ्याकडेच बघत राहिली, कसनुसं हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा ना, माझं काही चुकलं का?" आता हिच्यापुढे अजून गप्प बसायचं का? आणि फोनवर तर विचारूच नका, जरा थांबलं की पलीकडून "हॅलो? आवाज येतोय ना?" सुरू.

शिवाय माझा स्वभाव मुळात बडबड्या, त्यामुळे दोन-तीन सेकंदसुद्धा फार वाटतात. काही ट्रिक आहे का?

प्रतिसाद १
सेकंद मोजू नका, नजर बघा. माणूस खरंच विचारात असला की नजर बाजूला जाते, वर, खाली, खिडकीकडे, कुठेही. तेव्हा तोंड उघडायचं नाही, "हं हं" सुद्धा नाही. नजर परत तुमच्यावर आली आणि तिथेच थांबली की त्याचं झालंय किंवा तो अडकलाय.

दोन-तीन सेकंद फार वाटतात यात तुमचा काही दोष नाही. वेगवेगळ्या दहा भाषांचा अभ्यास झालाय (२००९), त्यात प्रश्न आणि उत्तर यांच्यातलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. म्हणजे आपल्या सगळ्यांनाच ती सवय. शाळेतल्या शिक्षकांवर मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात काम केलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबायचे, तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि "माहीत नाही" कमी झालं. त्यांनी अजून एक पाहिलं होतं, मुलाचं उत्तर संपल्यावर शिक्षक थांबतो का. माझ्या अनुभवात कोचिंगमध्ये हीच जागा जास्त कामाची आहे. पहिलं उत्तर बहुतेकदा तयारच असतं, चार जणांना आधी सांगून झालेलं. ते संपलं की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बऱ्याचदा "म्हणजे खरं सांगायचं तर..." असं काहीतरी त्यानंतरच येतं.

आणि प्रश्न छोटा ठेवा. एका दमात तीन प्रश्न विचारून गप्प बसलात तर समोरचा उत्तर शोधत नसतो, कुठल्या प्रश्नाचं द्यायचं ते शोधत असतो.

प्रतिसाद २
वरचं सगळं बरोबर, पण त्या ज्युनियर मुलीचं प्रकरण वेगळं आहे. वरिष्ठ माणूस गप्प झाला की खालच्याला वाटणार आता बोलणी बसणार, त्यात तिचं काय चुकलं? सेशनच्या सुरुवातीलाच सांगून टाका, "मी मधेमधे गप्प राहीन, तो वेळ तुला विचार करायला आहे, मी काही मार्क देत नाहीये". तरी ती बावरली तर ताणू नका, प्रश्न सोपा करून परत विचारा. समोरच्याला अवघडवून बोलतं करणं हे उलटतपासणीत ठीक आहे, कोचिंगमध्ये नाही. रडू येत असेल तर थोडं थांबून "थांबूया का इथे?" एवढं तरी विचाराच.

फोनवर मी आधीच म्हणतो, "मी लाइनवर आहे, सावकाश". कॅमेरा बंद असेल तर नजरेचं काहीच कळत नाही, त्यात नेटचा लॅग, म्हणून एरवीपेक्षा जरा जास्त थांबतो, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागतात.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचेही खूप आभार, उत्तर संपल्यावर थांबायचं हे डोक्यातच नव्हतं आलं. अजून एक, त्या शांततेत मी नोट्स घेतल्या तर चालतात का? खाली बघून लिहायला लागले की समोरचा मला वेळ द्यायला म्हणून थांबतो, असं होतंय.

प्रतिसाद १
हो, असं होतंच. एखादा शब्द टिपा, तोही न बघता. बाकीचं सेशन संपल्यावर लिहा.