मदत हवी आहे: 12 हरणांपासून वाढलेला कळप, तरी जनुकीय विविधता मूळ कळपाएवढीच?

रानवाटा:
तीन दिवस अडकलोय. पुन्हा सोडलेल्या हरणांची हेटरोझायगॉसिटी (जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या असण्याचं प्रमाण) 0.60 येतेय, मूळ कळपाची 0.63. सोडली होती फक्त 12. मग फरक इतका कमी कसा? सॉफ्टवेअर बदललं, आकडा तोच. शुक्रवारी अहवाल द्यायचाय. चूक कुठे शोधू?

कुंपण:
नमुने कसले, किती? मार्कर, म्हणजे डीएनएतल्या तपासलेल्या जागा, कोणत्या?

रानवाटा:
14 मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे). नमुने 58.

धुकट:
2009 पासून मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलात वाघ आणले ते कान्हा, बांधवगड, पेंच अशा वेगवेगळ्या जंगलांतून. तुम्ही एकाच कळपातून आणलेत, तिथेच चुकलं.

रानवाटा:
अहो, हरणं मी नाही सोडली! मोजणीचं विचारतोय.

बिनधास्त:
मायक्रोसॅटेलाइट जुनं झालं. पूर्ण जीनोम वाचून घ्या, प्रश्नच मिटेल.

कुंपण:
लेंड्या असतील तर त्यात हरणापेक्षा जिवाणूंचाच डीएनए जास्त. उगाच खर्चात पाडू नका. रानवाटा, कसले नमुने ते अजून सांगितलं नाहीत.

रानवाटा:
सांगायचं राहिलं. मूळ कळपातल्या 20 जनावरांचं रक्त, इकडच्या लेंड्या.

कुंपण:
58 लेंड्या की 58 जनावरं? एकाच हरणाच्या चार लेंड्या चार हरणं म्हणून मोजल्या जातात. शिवाय लेंडीत डीएनए कमी, दोनपैकी एक अलील (जनुकाचं एक रूप) उमटतच नाही आणि हेटरोझायगस जनावर होमोझायगस, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेलं, दिसतं. प्रत्येक नमुन्याचं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) किती वेळा केलंत?

सावरी:
मला यात चूक दिसत नाही. 12 जनावरं म्हणजे प्रत्येक जनुकाच्या 24 प्रती. त्या टप्प्यावर हेटरोझायगॉसिटी 1/24 ने घटते, जेमतेम 4 टक्के. 0.63 चे 0.60 होणारच. कळप भराभर वाढला असेल तर पुढेही फार घटत नाही. खरा फटका दुर्मीळ अलीलांना बसतो: मूळ कळपात 5 टक्के असलेला अलील त्या 24 प्रतींत एकदाही न येण्याची शक्यता सुमारे 29 टक्के. अलील मोजा, पण दोन्हीकडची जनावरं सारखी धरून, म्हणजे रेअरफॅक्शन करून. जास्त नमुने तिथे जास्त अलील दिसणारच.

धुकट:
काळ्या पायांचे फेरेट (अमेरिकेतले मुंगसासारखे दिसणारे प्राणी) तर फक्त 7 पूर्वजांवर तगलेत. 1988 मध्ये गोठवलेल्या पेशींपासून 2020 मध्ये क्लोनही केला.

बिनधास्त:
लेंड्या कशात ठेवल्यात? इथेनॉलमध्ये ठेवा.

रानवाटा:
58 लेंड्या, जनावरं निघाली 31. पीसीआर प्रत्येकी एकदाच केलं होतं, आता तीनदा करतोय. 20-20 जनावरं धरून पाहिलं: मूळ कळपात मार्करमागे सरासरी 6.2 अलील, इकडे 4.5. सावरी, कुंपण, मनापासून आभार. शुक्रवारची मुदत वाढवून मागितली आहे.