घरात घोरणारा कुत्रा आहे? अनुभव लिहा

रानमोगरा
काल रात्री पावसात लाइट गेली. पंखे बंद, फ्रिज बंद, आणि खालच्या मजल्यावरच्या पगचं घोरणं जिन्यातून थेट वर येऊ लागलं. मुलगी दचकून उठली. मला मात्र डिचोलीचं घर आठवलं. आमचा बॉक्सर, शेरू. सोप्यावर आजोबांच्या खाटेखाली गोणपाटावर झोपायचा. दोघेही घोरायचे. आजी म्हणायची, "म्हातारो रावलो काय सुणो सुरू जाता." (म्हातारा थांबला की कुत्रा सुरू होतो.) चवथीला पाहुणे राहायला आले की पहिल्या रात्री कोणाचा डोळ्याला डोळा लागत नसे, दुसऱ्या रात्री सगळे गाढ. शेरूचा खालचा ओठ जमिनीला टेकलेला असायचा, श्वास सोडताना फडफडायचा. सकाळी सारवलेल्या जमिनीवर तिथे ओला गोल डाग असायचा, आणि शाळेत जाताना मी तो ओलांडून जायचे. शेरू गेल्यावर आजोबा कितीतरी दिवस रात्री उठून खाटेखाली हात घालून बघायचे.
तुमच्याकडे कोण घोरतं? वैताग, उपाय, काहीही लिहा.

फोंड्याचा बाबू
आमची पग, चिंगी. रात्री भाताची गिरणच सुरू. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, पग ६ ते ८ किलोत हवा. ही त्याच्या बरीच पुढे. चौकशी केली तर आई रोज सकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) एक उंडो (गोल पाव) जास्त घ्यायची, तो चिंगीचा! उंडो बंद झाला, संध्याकाळी थोडं चालणं सुरू केलं. घोरणं थांबलेलं नाही, पण दार लावलं की आता ऐकू येत नाही.

शीतकडी
आमचा तर साधा गावठी, लांब नाकाचा. तरी घोरतो. फक्त उताणा झोपला की. कुशीवर वळवलं की बंद.

पर्वरीची सून
आमचे हे बोटीवर असतात. घरी मी, सासूबाई आणि ब्रुनो. वर्षातले आठ-नऊ महिने घरात रात्रीचा आवाज असतो तो ब्रुनोचाच. यांचा व्हॉट्सॅप कॉल आला की पहिलं वाक्य, "ब्रुनोजवळ फोन ठेव गे जरा." मी ठेवते. तिकडे केबिनमध्ये हे ऐकतात, काही बोलत नाहीत. सासूबाईंना आधी कुत्रं घरात नको होतं. आता त्याला बाहेर पडवीत झोपवायचं म्हटलं तर त्याच नको म्हणतात.

रानमोगरा
पर्वरीची सून, वाचून डोळ्यांत पाणी आलं गं.

म्हापशेकर पशुवैद्य
चांगला धागा. पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू यांची कवटी आखूड झाली, पण टाळूचा मागचा मऊ भाग त्या मानाने लांबच राहिला. तो श्वासाच्या वाटेत लोंबतो आणि झोपेत थरथरतो. त्यात नाकपुड्या अरुंद. इंग्लिश बुलडॉगचा श्वास झोपेत मध्येच अडतो, हे अभ्यासकांनी १९८७ मध्येच नोंदवलं आहे.
घोरण्यासोबत पुढचं काही दिसलं तर दाखवून घ्या: जागेपणीही घरघर, बसूनच झोपणं, तोंडात खेळणं धरून झोपणं, जीभ-हिरड्या निळसर होणं. गाढ झोपेत श्वास मोजा. मिनिटाला ३० च्या वर रोजच जात असेल तर थांबू नका, हृदयाचा त्रासही असू शकतो. गरज पडल्यास नाकपुड्या रुंद करतात, टाळूचा वाढीव भाग छाटतात, आणि हे लहान वयात केलेलं बरं.
आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जास्त जपा. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो. दमट हवेत ते नीट होत नाही. दुपारी फिरवू नका. गळ्यात पट्ट्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस घाला. आणि माणसांचे नाक मोकळं करायचे थेंब कुत्र्याच्या नाकात कधीही घालू नका, विषबाधा होते.

काणकोणची मावशी
डॉक्टर, आमचा टोनी (पग, तीन वर्षांचा) रोज चेंडू तोंडात धरून झोपतो. लाड म्हणून नाही का ते? फोटो पाठवू का?

म्हापशेकर पशुवैद्य
मावशी, फोटोपेक्षा झोपेतला व्हिडिओ काढा, आवाजासकट. आणि तुमच्या जवळच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा. चेंडूमुळे तोंड उघडं राहतं आणि हवा आत जाते, म्हणून काही कुत्रे तसं करतात.

काणकोणची मावशी
उद्याच नेते. रात्री चेंडू काढून नाही ना घ्यायचा?

म्हापशेकर पशुवैद्य
नको. गिळता येणार नाही एवढा मोठा आहे ना तेवढं बघा.

वाळपईकर
आमच्या काळूचं वेगळं झालं. कधी न घोरणारा कुत्रा, भात कापणीच्या दिवसांत एका रात्रीत घोरायला लागला. शिंका, एकाच नाकपुडीतून रक्त. आईने हळद लावू म्हटलं, मी सरळ गाडीत घातला. भूल देऊन नाकातून गवताचं कुसळ काढलं, बोटाच्या पेराएवढं! अचानक सुरू झालेलं घोरणं अंगावर काढू नका.

शीतकडी
बाप रे. बरा आहे ना आता?

वाळपईकर
एकदम. परत शेतात.

आबोलीचो वळेसर
ढगांचा गडगडाट, चतुर्थीचे फटाके, कशानेही आमची राणी जागी होत नाही. पोदेराचा भोंपू वाजला की मात्र घोरणं खाडकन बंद आणि ही गेटवर.

पर्वरीची सून
तुमच्याकडे पोदेर येतो अजून? आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी येत नाही, दुकानातून आणावे लागतात पाव.

आबोलीचो वळेसर
सकाळ-संध्याकाळ येतो. पोळी (कोंड्याचा पाव) मात्र लवकर संपते.

काणकोणची मावशी
बाबू, हार्नेससाठी माप कुठे घ्यायचं रे? टोनीची छाती रुंद आहे.

फोंड्याचा बाबू
पुढच्या पायांच्या मागे, छाती सगळ्यात रुंद असते तिथे टेप फिरवा मावशी. घातल्यावर दोन बोटं आत जायला हवीत. टोनीला दाखवून आलात की इथे नक्की लिहा.