सोसायटी ग्रुप: बी-२०३ मधल्या कॉम्प्युटरचा आवाज

बुधवार, रात्री

बी-२०३ वैनी: पाण्याच्या विषयात मधेच शिरते, राग मानू नका. पोराच्या कॉम्प्युटरातनं खर्रर्र असा आवाज येऊलालाय. पुढनं नाही, मागनं, लाईटची वायर खोचतात तिथनं. सकाळी चालू केला की जास्त, मग हळूहळू कमी. लाईट गेली की इन्व्हर्टरवर आणि वेगळाच, गूं करून. त्याची पीयूसी सेकंड (बारावी), क्लास सगळे ह्याच्यावरच. हे गोव्याला आहेत, शनिवारशिवाय येत नाहीत. चालवू दे की बंद ठेवू?

ए-१०१: आधी टाकीचं ठरवा हो. व्हॉल्व्ह कोण बघणार?

सेक्रेटरी: प्लंबर उद्या सकाळी येतोय. वैनींचं होऊ दे.

ए-२०४ आक्का: पाल गेली असेल आत. पावसाळ्यात आमच्या गीझरच्या स्विचात शिरली होती, फट्‌ करून स्विच गेला आणि पाल पण.

सी-३०२: वैनी, एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला करंट पुरवणाऱ्या मागच्या डब्याचा फॅन आहे तो. बेअरिंग सुकलंय. चार स्क्रू काढायचे, फॅनवरचं स्टिकर उचलायचं, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. व्हिडिओ ढिगानं आहेत. रविवारी येऊन करून देतो.

बी-४०१ अण्णा: अजिबात नको. कॅबिनेट उघडा, माझी हरकत नाही. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. भिंतीतला २३० व्होल्ट एसी आत गेला की आधी त्याचा डीसी होतो, ३२५ व्होल्टच्या आसपास. पीएफसीवाला (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेला) डबा असला तर ३८० ते ४००. तो मोठ्या कपॅसिटरवर साठतो आणि पिन उपसली म्हणजे लगेच उतरला असं नाही. उद्यमबागेत वाइंडिंगमध्ये जन्म गेला माझा. बंद मशीनचा झटका खाल्लेली माणसं बघितलीत.

सी-३०२: ब्लीडर रेझिस्टर असतो की अण्णा. तो उतरवतो चार्ज.

बी-४०१ अण्णा: असतो. तो शाबूत आहे का हे बाहेरनं दिसतं काय?

सी-३०२: बरं. नाही उघडत.

बी-४०१ अण्णा: पोरी, तू दोन आवाज सांगितलीस. दोन्ही वेगळे धर, नाहीतर गोंधळ होतो. खर्रर्र म्हणजे फिरणारी वस्तू. गूं म्हणजे करंट. फिरणाऱ्या वस्तू कॅबिनेटात तीन-चार असतात: एसएमपीएसचा फॅन, प्रोसेसरवरचा फॅन, मागचा एखादा, आणि जुनी हार्डडिस्क असली तर ती. आवाज कुठला ते आधी पक्कं कर. जुन्या कॅलेंडरच्या पानाची सुरळी कर, एक टोक कानाला, दुसरं एकेका फॅनजवळ. बाजूचा पत्रा काढून ऐकायचं असेल तर केस बांध, ओढणी बाजूला ठेव, आत बोट घालायचं नाही. पेन खुपसून फॅन थांबवतात काही शहाणे, तसलं पण नको.

आणि एक. कॉम्प्युटर बंद कर, पिन काढ, कॅबिनेट आडवा झोपव, मग चालू कर. झोपवल्यावर खरखर बदलली किंवा गेली तर बेअरिंगच. फॅनचा भार दुसऱ्या बाजूला जातो म्हणून.

ए-२०४ आक्का: आणि पाल?

बी-४०१ अण्णा: पाल असती तर एव्हाना वास आला असता, आक्का.

बी-२०३ वैनी: हार्डडिस्क नाही म्हणतो पोरगा, नवीन प्रकारची आहे, फिरत नाही ती. बाकीचं उद्या बघते. आज रात्री क्लास आहे त्याचा, चालू दे काय?

बी-४०१ अण्णा: चालू दे. मागनं गरम हवा येते का तेवढं हात धरून बघ. खरखर करत का होईना, फिरतोय तोवर ठीक. आवाज आपोआप बंद पडला तर मात्र खूश होऊ नको. फॅन अडकला असेल, मग आतलं सगळं तापतं. करपल्याचा वास, फट्‌ असा आवाज, ठिणगी, ह्यातलं काही झालं तर भिंतीवरचं बटण बंद आणि मला फोन.

सी-३०२: काही एसएमपीएसचे फॅन कमी लोडवर मुद्दाम थांबतात, तसं डिझाइनच असतं. पण ते महागातले.

गुरुवार, संध्याकाळी

ए-१०१: व्हॉल्व्ह बदलला. पाणी पाचला सोडलंय, भरून घ्या. दुसऱ्या मजल्यावर अजून बारीकच येतंय, ते वेगळं बघू.

बी-२०३ वैनी: अण्णा, केलं सगळं. सुरळीनं ऐकलं, एसएमपीएसच्या जाळीपाशीच खरखर. बाकीचे फॅन गप्प. आडवा झोपवला तर खरखर जवळजवळ गेली, उभा केला की परत. दुपारी लाईट गेली तेव्हा गूं सुरू झालं, आली की थांबलं. खरखर दोन्ही वेळी होतीच.

आणि पोरगा म्हणतो तिसरा एक बारीक चीं आवाज पण आहे, गेम लावला की. (क्लासच्या मशीनवर गेम, हे आज कळलं.)

सी-३०२: हाहा. तो चीं म्हणजे कॉइल व्हाइन. एसएमपीएसमधली किंवा ग्राफिक्स कार्डमधली कॉइल लोडवर थरथरते. गेमच्या मेनूत फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दाखवतो तो आकडा) उगाच पाचशेवर जातो, तेव्हा जास्त ऐकू येतो. फ्रेम रेटला ६० ची मर्यादा घातली की कमी होतं. कानाला त्रास, मशीनला नाही.

बी-४०१ अण्णा: बरोबर. आता गूंचं. आपल्या लाईनचा करंट सेकंदाला ५० सायकलचा, लाटेसारखा गोल चढतो-उतरतो. प्रत्येक सायकलला लोखंड दोनदा ओढलं जातं, म्हणून ट्रान्सफॉर्मर घुमतो तो १०० च्या सुरात. स्वस्तातला इन्व्हर्टर गोल लाट देत नाही, पायऱ्या-पायऱ्यांची देतो. त्या कोपऱ्यांनी कॉइल, ट्रान्सफॉर्मर, सीलिंग फॅनसुद्धा भुंग्यासारखा घुमतो. वैनी, लाईट गेल्यावर हॉलचा फॅन पण घुमतो काय?

बी-२०३ वैनी: घुमतो की! ते कायमचंच आहे, त्याकडं लक्षच देत नाही आम्ही.

बी-४०१ अण्णा: मग गूंचा दोष कॉम्प्युटरचा नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असणार, डब्यावर लिहिलेलं असतं. पुढचा घेताना साइन वेव्ह, म्हणजे गोल लाटेचा घ्या. पीएफसीवाले काही एसएमपीएस असल्या करंटवर नीट चालत नाहीत, लाईट जाताच कॉम्प्युटर बंद पडतो.

बी-२०३ वैनी: म्हणजे फॅन तेवढा बदलायचा. आज कॉलेज रोडवर एका दुकानात फोन केला, तो म्हणतो एसएमपीएस गेला की मदरबोर्ड पण जातो, सगळा कॅबिनेट बदला.

सी-३०२: फोनवर न बघता? त्याला सांगा, आम्ही घेतो बघून.

बी-४०१ अण्णा: बिल सापडतं काय बघ आधी. असेंबल करून घेतला असला तरी एसएमपीएसची वॉरंटी वेगळी असते, तीन वर्षं, पाच वर्षं पण देतात. स्टिकरचं सील फोडलं की ती गेली. तेलाचा थेंब महागात पडला असता.

सी-३०२: टोमणा पोचला अण्णा.

बी-२०३ वैनी: सापडलं! दोन वर्षांपूर्वीचं बिल, एसएमपीएसपुढं वॉरंटी तीन वर्षं लिहिलंय. ४५० वॉटचा आहे.

सी-३०२: मग कंपनीचंच सर्व्हिस सेंटर. बिलाचा फोटो आणि आवाजाचा व्हिडिओ दोन्ही तयार ठेवा. आडवा केल्यावर आवाज जातो ते पण दाखवा, नाहीतर तिथं टेबलवर झोपवून लावतात आणि 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणून परत देतात.

परत येईस्तोवर माझ्या जुन्या मशीनचा ५०० वॉटचा लावून देतो. त्याच्या सगळ्या वायरी त्याच्याच लावणार. मॉड्युलर, म्हणजे सुट्या वायरींच्या एसएमपीएसच्या वायरी एकसारख्या दिसतात, पण पिनांची जोडणी कंपनीगणिक वेगळी. चुकीची खोचली तर खरंच बोर्ड जाईल.

ए-२०४ आक्का: सील न फोडता पाल असली तर ते लोक बघतील काय?

बी-४०१ अण्णा: बघतील आक्का, आणि तुम्हाला फोटो पाठवतील.

शनिवार

बी-२०३ वैनी: सी-३०२ नं काल रात्री बसवून दिला, खरखर नाही. आमचा एसएमपीएस आज ह्यांनी सर्व्हिस सेंटरला दिला, पावती मिळाली. लाईट गेली की गूं आहेच. अण्णा, इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस म्हणून एक खटका आहे, तो टाकला तर गूं जाईल काय?

बी-४०१ अण्णा: गूं नाही जाणार. पण टाकून ठेव. त्यानं लाईट गेल्यावर बॅटरीवर लवकर बदलतं. पूर्ण लोडवर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर १६-१७ मिलिसेकंदांच्या आसपासच तग धरतो, त्याच्या आत बदललं तर क्लास मधेच तुटत नाही.