मदत हवी आहे: वडील भाकरीला हात लावत नाहीत

मंडळी, वडिलांचं वय ६३, साखर वाढलेली. डॉक्टरांनी भात-चपाती कमी करून ज्वारीची भाकरी, सोबत डाळ-भाजी जास्त असं सांगितलंय. गंमत म्हणजे बिनसाखरेचा चहा त्यांनी दोन दिवसांत स्वीकारला, कुरकूर नाही. भाकरी दिसली की मात्र ताट सरकवतात.

आधी वाटलं हट्टीपणा. परवा आत्या बोलली तेव्हा कळलं. १९७२च्या दुष्काळात आजी-आजोबा खडी फोडायला जायचे, घरात मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ). गव्हाची पोळी फक्त सणाला. नोकरी लागल्यावर रोज चपाती खायची, हे वडिलांनी तेव्हाच ठरवलं होतं म्हणे. आता आम्ही "मिलेट मिलेट" करत तीच ज्वारी पुढे ठेवतोय! २०२३ हे भरडधान्य वर्ष होतं वगैरे सांगून पाहिलं, तर म्हणाले, "तुमचं वर्ष झालं, माझी दहा झाली."

आणखी एक. आमच्याकडचं पीठ महिनाभर जुनं असतं, विरी (पिठाचा चिकटपणा) गेलेली, भाकरी थापतानाच कडेला चिरा पडतात. त्यात त्यांची कवळी. म्हणजे दोष थोडा आमचाही.

हुरडा मात्र आवडीने खातात, थालीपीठालाही नाही म्हणत नाहीत. मग ज्वारी या वाटेने आणावी का? पीठ लपवून मिसळणं मला पटत नाही. कुणाच्या घरी असा माणूस वळला असेल, तर नेमकं काय केलंत ते सांगा.