क्लॅमथ नदीवरील चार धरणे पाडण्याचा निर्णय योग्य होता का?

मूळ मत
अमेरिकेतील ओरेगन राज्यात उगम पावून कॅलिफोर्नियात समुद्राला मिळणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे 2023 आणि 2024 या दोन वर्षांत पाडण्यात आली. माझ्या मते हे काम फार पूर्वीच व्हायला हवे होते. 1918 चे कोपको-1 काय किंवा 1960 च्या दशकातले आयर्न गेट काय, ही धरणे विजेसाठी होती. त्यांच्यावर एक एकरही शेती भिजत नव्हती. अंडी घालण्यासाठी समुद्रातून वर येणारा सॅमन मात्र आयर्न गेटच्या भिंतीपाशी अडत असे, आणि उन्हाळ्यात जलाशयांवर विषारी शेवाळाचा हिरवा थर माजत असे. युरोक आणि कारुक या आदिवासी समाजांचे अन्न आणि धर्मविधी ज्या माशावर उभे आहेत, तो मासा नदीतून नाहीसा होत असताना गप्प बसणे अन्यायाचे होते.

प्रतिसाद 1 (विरोधी)
आपली कळकळ मान्य आहे, पण 2002 च्या सप्टेंबरमध्ये खालच्या पात्रात हजारो सॅमन मेले, त्यामागे वरच्या भागात शेतीसाठी वळवलेले पाणी आणि त्यामुळे घटलेला प्रवाह हे मोठे कारण होते, आणि ही चार धरणे पाडल्याने ते पाणीवाटप बदललेले नाही. कोपको जलाशयाच्या काठी ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरे घेतली, त्यांच्या अंगणासमोर आज पाणी नाही. शिवाय 2024 च्या आरंभी जलाशय रिकामे करताना नदी गाळाने काळी झाली आणि त्याच सुमारास सोडलेल्या सुमारे 8 लाख 30 हजार सॅमन पिलांपैकी बहुतांश मेली. हाच का अधिवासाचा उद्धार?

मूळ लेखकाचे उत्तर
पिलांचा मृत्यू चटका लावणारा होता. परंतु तज्ज्ञांनी तपासले तेव्हा त्यांच्या शरीरात वायूचे बुडबुडे आढळले, आणि ते झाले होते आयर्न गेटच्या तळातील जुन्या बोगद्यातून जाताना दाब एकाएकी बदलल्याने. म्हणजे पिले धरणामुळेच दगावली. चूक झाली ती धरण उभे असताना त्यांना वरच्या बाजूला सोडण्याची. धरणांच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी मत्स्यमार्ग, म्हणजे माशांना धरण ओलांडता येईल अशी वाट, बांधण्यापेक्षा धरणे काढणे वीजकंपनीच्या ग्राहकांना स्वस्त पडणार होते, आणि कंपनीच्या एकूण विजेतला या धरणांचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता. काम संपल्यावर दोनच आठवड्यांत, ऑक्टोबर 2024 मध्ये, ओरेगनमधील एका उपनदीत चिनूक जातीचा सॅमन दिसला. 1912 नंतर तिथवर पोहोचलेला तो पहिलाच.

प्रतिसाद 2 (अंशतः विरोधी)
मासे परत आले याचा मलाही आनंद आहे. तरीही वरच्या अंगाला कीनो आणि लिंक रिव्हर ही दोन धरणे अजून उभीच आहेत, अप्पर क्लॅमथ सरोवराचे पाणी फॉस्फरसने लदलेले आहे आणि कोरड्या वर्षी शेतकरी व मासे यांच्यात पाणी कसे वाटायचे याचा तंटा मिटलेला नाही. जनतेच्या कर्जरोख्यांतून 25 कोटी डॉलर या कामासाठी उपलब्ध झाले, तर सरोवरालगतच्या पाणथळ जमिनी पूर्ववत करण्यासाठीही तेवढाच आग्रह धरा, आणि काठावरच्या घरमालकांच्या भरपाईचा प्रश्न त्याच बैठकीत घ्या.